प्रयोग आधी शिक्षकाच्या हातात

पारदर्शक पेटी, तळाला काळा धातूचा पत्रा, त्याखाली उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ आणि वरच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेलं जाड कापड. खोलीत अंधार करून बाजूने बॅटरीचा झोत सोडला की थोड्या वेळाने पत्र्यालगत पांढऱ्या रेषा उमटतात आणि विरतात. अल्कोहोलची वाफ खाली उतरताना इतकी थंड होते, की विद्युतभारित कण तिच्यातून गेला तर त्याच्या वाटेवर थेंब जमतात. सी. टी. आर. विल्सन यांना ज्या मेघकक्षासाठी १९२७ साली नोबेल मिळालं, त्याच कुळातलं हे साधं उपकरण. जिनिव्हाच्या ‘सर्न’ या कणभौतिकी प्रयोगशाळेने त्याची कृती शाळांसाठी खुली केली आहे. पण आखूड, जाड रेष अल्फा कणाची, लांब सरळ रेष बहुधा वैश्विक किरणांतल्या म्युऑनची, वेडीवाकडी इलेक्ट्रॉनची, हे वर्गात त्या क्षणी सांगायचं तर शिक्षकाने ती पेटी आधी स्वतः न्याहाळलेली हवी. म्हणूनच शिक्षकाला तयार पाठ पुरवण्यापेक्षा त्याला प्रयोग करायला लावणारं साहित्य अधिक मोलाचं, असं मला ठामपणे वाटतं.

युरोपात ही वाट अनेकांनी धरली. नोबेलविजेते जॉर्ज शारपाक यांनी १९९६मध्ये फ्रान्सच्या प्राथमिक शाळांत मुलांच्या हाती प्रयोग देणारी चळवळ सुरू केली. २०००मध्ये सर्नमध्ये भरलेल्या ‘फिजिक्स ऑन स्टेज’ या शिक्षकमेळाव्यातून पुढे ‘सायन्स ऑन स्टेज’ हे शिक्षकांचं व्यासपीठ उभं राहिलं. तिथे शिक्षकच शिक्षकांना आपले प्रयोग दाखवतात, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. २००६पासून निघणारं ‘सायन्स इन स्कूल’ हे नियतकालिक युरोपातल्या मोठ्या आंतरशासकीय संशोधन संस्था मिळून चालवतात. ते मोफत आहे.

यावर पहिला आक्षेप परीक्षेचा: अभ्यासक्रम पुरा करायचा की पेटीत डोकावायचं? मात्र आयनीभवन, संपृक्तता, किरणोत्सार हे अभ्यासक्रमातलेच विषय या एका पेटीत एकत्र येतात. वेळ जातो तो तयारीत. दुसरा आक्षेप भाषेचा, आणि तो मला अधिक बोचतो. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषाच २४ आहेत. इंग्रजीत सहज न वाचणाऱ्या शिक्षकाला मोफत लेखही बंदच राहतो. ‘सायन्स इन स्कूल’मधले अनेक लेख इतर भाषांत जातात ते स्वयंसेवकांच्या कष्टांमुळे. संशोधन संस्थांनी भाषांतरासाठी रीतसर पैसे ठेवावेत आणि शाळांनी प्रयोगाच्या तयारीचे तास शिक्षकाच्या वेळापत्रकात धरावेत.