सत्तरीनंतर सापडलेला मेंदूतला फुगा

हडपसर गावठाणातले आजोबा असोत की मगरपट्टा सिटीत मुलाकडे राहायला आलेल्या आजी, सत्तरीनंतर चक्कर येऊ लागली की अनेकदा एमआरआय होतो. चक्करेचं कारण त्यात सापडतंच असं नाही. कधी भलतीच ओळ हाती येते : ‘५ मिमीचा ॲन्युरिझम’. घरचे मोबाइलवर शोधतात, ‘कधीही फुटू शकतो’ एवढंच वाचतात आणि सगळ्यांची झोप उडते.

सायकलच्या ट्यूबचं रबर एका जागी विरलं की तिथे फुगा येतो, तसंच हे धमनीचं. मेंदूच्या तळाशी मोठ्या धमन्या एकमेकींना जोडून कडं तयार करतात. इंग्रज डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचं वर्णन केलं. कड्याच्या फाट्यांवर रक्ताचा मारा बसतो. बहुतेक फुगे तिथेच येतात. प्रौढांपैकी सुमारे ३ टक्के लोकांत असा फुगा असतो आणि बहुतेकांना तो जन्मभर त्रास देत नाही.

मग भ्यायचं कोणी? ८३८२ रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०१४ मध्ये ‘फेजेस’ ही गुणपद्धत मांडली गेली. तिच्यात सत्तरी गाठल्याचा गुण एकच, उच्च रक्तदाबाचाही एकच. आकाराला मात्र दहापर्यंत गुण, जागेला चारपर्यंत. रक्तदाब असलेल्या ७२ वर्षांच्या आजींच्या मेंदूतल्या मधल्या धमनीवर ५ मिमीचा फुगा असेल, तर गुण ४ आणि पाच वर्षांत तो फुटण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी. तोच फुगा १२ मिमीचा आणि मागच्या बाजूच्या धमनीवर असेल, तर गुण १२ आणि शक्यता सुमारे १८ टक्के. या नोंदी युरोप, उत्तर अमेरिका आणि जपानमधल्या आहेत. भारतीय रुग्णासाठी हे आकडे दिशा दाखवतात, निकाल देत नाहीत.

वय खरं आडवं येतं ते उपचारात. १९३७ मध्ये वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून फुग्याच्या मानेवर क्लिप लावली. १९९० च्या दशकात जांघेतल्या धमनीतून नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमची तार भरण्याची पद्धत रुळली. दोन्हींत पक्षाघाताचा धोका असतो आणि तो वयाबरोबर वाढतो. फुग्याचा धोका वर्षावर्षाला थोडा थोडा साठतो, उपचाराचा बराचसा धोका एकदम पत्करावा लागतो. चाळिशीतल्या माणसापुढे साठायला चार दशकं असतात, ऐंशीच्या आजोबांपुढे तेवढी नसतात. म्हणून म्हातारपणी सापडलेल्या छोट्या फुग्याला बहुधा हात लावत नाहीत; ठरावीक काळाने पुन्हा स्कॅन करून तो वाढतोय का, त्याला वेडावाकडा उंचवटा आलाय का, हे पाहतात. मात्र ‘आता वय झालं’ म्हणून मोठा किंवा वाढता फुगा सोडून देणंही चूक. प्रकृती ठणठणीत असेल तर उपचाराचा विचार व्हायलाच हवा, कारण फुगा फुटल्यावर वृद्धांचेच हाल अधिक होतात.

घरच्यांच्या हातात दोन गोष्टी आहेत. बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाची गोळी बंद होऊ द्यायची नाही आणि बिडी-सिगारेट सोडवायची. आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी दोघांना हा आजार झाला असेल, तर इतरांनीही तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावं.

फुटलेला फुगा आपल्याकडे हमखास ‘पित्त’ ठरतो, कारण डोकं दुखतं आणि उलटी होते. पण पित्ताचं डोकं हळूहळू चढतं. हे दुखणं क्षणात शिगेला पोचतं, आयुष्यात कधी झालं नाही इतकं. मान आखडते, शुद्ध हरपू शकते. अचानक एक पापणी खाली पडली आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर तो फुटण्याआधीचा इशाराही असू शकतो. पहिल्या सहा तासांतला सीटी स्कॅन असा रक्तस्राव जवळजवळ नेहमीच पकडतो. हडपसरमध्येच ही सोय असलेली रुग्णालयं आहेत. तेव्हा सोडा-लिंबू देऊन सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि डोकं नेमकं किती वाजता दुखायला लागलं, ते डॉक्टरांना सांगा.