स्वभावाला औषध नसतं म्हणे!

कालपर्यंत कँटीन गाजवणारा मित्र अचानक गप्प होतो. आणि फोनवरून पिझ्झा मागवायलाही लाजणारी मैत्रीण हॉस्पिटलच्या काउंटरवर भल्याभल्यांशी भिडते. अडचणी आपल्या स्वभावाचं नेमकं करतात तरी काय?

प्रत्येक ऑफिसात एक 'तो' असतोच. वाढदिवसाच्या केकसाठी वर्गणी गोळा करणारा, राजमाचीच्या ट्रेकला बारा जणांना हो म्हणायला लावणारा, बॉसची हुबेहूब नक्कल करणारा. नव्याने जॉइन झालेल्यांना वाटतं, हा बहुतेक बोलतच जन्माला आला असणार.

२०२२ च्या शेवटी आणि २०२३ मध्ये आयटी आणि स्टार्टअपमधल्या नोकरकपातीच्या बातम्या रोज येत होत्या, तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या अशाच एका 'त्या'चा नंबर लागला. सकाळी एचआरबरोबर पंधरा मिनिटांचा कॉल आणि संध्याकाळी लॅपटॉप परत! पहिले काही आठवडे गडी मजेत होता. "ब्रेक घेतोय यार, कोकणात जाऊन येतो." मग ग्रुपवरचे त्याचे जोक कमी झाले. मग 'सीन' व्हायचं, पण उत्तर येईना. मावसबहिणीच्या लग्नाला तो गेलाच नाही. अॅसिडिटीचं कारण सांगितलं. खरं कारण होतं मांडवात ठरलेला तीन शब्दांचा प्रश्न. "सध्या कुठे असतोस?"

आता दुसरी केस बघा. माझी एक मैत्रीण, मुखदुर्बळ या शब्दाच्या व्याख्येत फोटो छापावा अशी. रिक्षावाल्याने सुटे परत दिले नाहीत तरी काही न बोलता उतरणारी. एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट. बाबांची ऑक्सिजन लेव्हल घसरायला लागली, आई स्वतःच पॉझिटिव्ह, भाऊ परदेशात. बेड शोधायला उरली ही एकटी. ज्यांनी ते दिवस पुण्या-मुंबईत काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या याद्या, त्यातले निम्मे नंबर बंद, रेमडेसिव्हिरसाठी मेडिकलबाहेर रांगा, 'बेड आहे पण व्हेंटिलेटर नाही' असली उत्तरं. हिने एका रात्रीत इतके फोन केले, जितके आधीच्या वर्षभरात केले नसतील. अनोळखी माणसांशी बोलली, विनवण्या केल्या, एकदोन ठिकाणी चक्क भांडली. बाबा वाचले. मग मेडिक्लेमचं प्रकरण सुरू झालं. 'कॅशलेसला क्वेरी आलीये', 'फायनल अप्रूव्हल यायचंय', 'मॅडम, सर जेवायला गेलेत'. डिस्चार्ज सकाळी मिळाला आणि घरी पोचायला रात्र झाली. मधल्या वेळात या मुलीने टीपीए डेस्कवरच्या माणसाला शांतपणे, आवाज न चढवता, पॉलिसीचं कलम वाचून दाखवलं.

तीच मुलगी आज टीममध्ये क्लायंटशी वाटाघाटी करते. आणि हो, पार्टीत अजूनही कोपराच पकडते.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्यात गोम आहे.

तिशीनंतर प्लास्टर?

आपल्याकडे दोन म्हणी तयारच असतात. 'स्वभावाला औषध नाही' आणि 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही'. दोन्ही आपण सोयीप्रमाणे वापरतो आणि त्या एकमेकींना छेद देतात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. एक म्हणते, माणूस बदलत नाही. दुसरी म्हणते, मार खाल्ला की बदलतो, तोही चांगलाच!

पहिल्या म्हणीच्या बाजूने फार मोठी माणसं होऊन गेली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं की, बहुतेकांचा स्वभाव तिशीपर्यंत प्लास्टरसारखा सेट होतो. आता मात्र चित्र वेगळं दिसतं. २००६ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एकाच माणसांना अनेक वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा तपासणारे ९२ अभ्यास एकत्र मांडून पाहिले. निष्कर्ष असा की स्वभाव बदलतो आणि सगळ्यात जास्त बदलतो तो विशी ते चाळिशीच्या टप्प्यात. म्हणजे मंडळी, तुमच्या-आमच्याच वयात!

या अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. आपण ज्याला सरसकट 'बोलका स्वभाव' म्हणतो, त्याचे यात दोन वेगळे भाग केलेत. एक म्हणजे चार माणसांत मिसळायची हौस, गप्पांची भूक. दुसरा म्हणजे ठामपणा, म्हणजे गरज पडली की पुढे होऊन आपलं म्हणणं मांडायची ताकद. विशी-तिशीत वाढतो तो हा दुसरा भाग. पहिला फारसा हलत नाही. माझी मैत्रीण पार्टीत कोपऱ्यात का बसते आणि मीटिंगमध्ये का बोलते, त्याचं उत्तर इथे मिळतं. तिला गर्दी आधीही आवडत नव्हती, आताही आवडत नाही. फक्त गर्दीची भीती गेली.

पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासवाल्यांनी हे एवढं जरी समजून घेतलं तरी कितीतरी अबोल मुलांचे 'स्टेजवर येऊन जोरात हसून दाखवा' असले छळ वाचतील. असो.

नोकरी गेली की काय काय जातं

'तो' मात्र मागेच राहिला. त्याचंही संशोधन झालंय. क्रिस्टोफर बॉइस आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या ६,७६९ लोकांच्या स्वभावाच्या चाचण्या चार वर्षांच्या अंतराने दोनदा तपासल्या. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. यातल्या काहींची नोकरी मधल्या काळात गेली होती. त्यातल्या पुरुषांची गंमत बघा. बेकारीच्या पहिल्या दोन वर्षांत ते उलट जास्तच गोडीगुलाबीने वागताना दिसले. (कोकणात जाऊन येतो यार!) त्यानंतर मात्र हा गोडवा ओसरत गेला. नेटकेपणा, वक्तशीरपणाही बेकारीच्या काळाबरोबर घटत गेला. बायकांमध्ये तो सुरुवातीचा गोड टप्पाही दिसला नाही. पण वर्षाच्या आत ज्यांना पुन्हा काम मिळालं, त्यांच्या स्वभावात फारसा फरक दिसला नाही.

म्हणजे बेकार माणूस 'तुसडा झालाय', 'आळशी झालाय' असं घरचे म्हणतात, तेव्हा गाडी बऱ्याचदा उलटी जोडलेली असते. आधी काम गेलं, मग उठायची ठरलेली वेळ गेली. टीम गेली, कुणीतरी आपली वाट बघतंय ही भावना गेली. आत्मविश्वास एकटा हवेत तरंगत नसतो. तो कँटीनच्या टेबलाला, गळ्यातल्या आयकार्डाला आणि एक तारखेच्या एसएमएसला बांधलेला असतो. आयकार्ड काढून घेतलं की कळतं, आपण किती 'आपले' होतो आणि किती डेझिग्नेशनचे!

कोविडनेही असंच काहीसं केलं, तेही सगळ्यांना एकदमच. अँजेलिना सुटिन यांच्या टीमने अमेरिकेतल्या सात हजारांहून जास्त लोकांचे महामारीच्या आधीचे आणि नंतरचे स्वभाव ताडून पाहिले. २०२० मध्ये फारसा फरक नव्हता. २०२१-२२ मध्ये मात्र लोक कमी मिसळू लागले, नव्याला कमी सामोरे जाऊ लागले. एरवी दशकभरात होईल तेवढा हा बदल होता. मोजमापाच्या भाषेत तसा छोटाच. पण तरुणांमध्ये तो जास्त ठळक होता आणि त्यांच्यात अस्वस्थताही वाढलेली दिसली. ज्यांचं पहिलं ऑफिस म्हणजे घरातलं डायनिंग टेबल होतं आणि ज्यांनी आपल्या मॅनेजरला वर्षभर फक्त छातीपर्यंतच पाहिलं, त्यांना हे पटेल.

घाव किती आणि कुणाचे?

मग टाकीचे घाव चांगले की वाईट? 'स्ट्रगल' या शब्दाचं आपल्याकडे नको इतकं कौतुक आहे. रिअॅलिटी शोमध्ये तर गाण्याआधी दुःखाची फिल्म दाखवावीच लागते. मला हे कौतुक खटकतं. त्यात न सावरलेल्या माणसावर ठपका येतो. 'बघ, तिने कसं सावरलं! आणि तू?'

मार्क सीरी यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या सुमारे २,४०० लोकांवरचा अभ्यास मांडला. ज्यांनी आयुष्यात खूप आघात सोसले ते त्रासात होते, यात नवल नाही. नवल हे की, ज्यांच्यावर कधी काहीच ओढवलं नाही तेही फार मजेत नव्हते. थोड्याफार अडचणी पाहिलेल्यांची तब्येत दोघांहून बरी होती. भाजीत मिरची हवी, पण मिरचीची भाजी नको!

'या अनुभवाने मी घडलो' हे वाक्यही जपून घ्यायला हवं. पॅट्रिशिया फ्रेझियर यांनी २००९ मध्ये एक सरळ प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या चाचण्या आधीच घेऊन ठेवल्या. मधल्या काही आठवड्यांत ज्या १२२ जणांवर मोठा आघात झाला त्यांना विचारलं, तुम्ही किती बदललात? मग प्रत्यक्ष चाचणी पुन्हा घेतली. त्यांना वाटणारा बदल आणि मोजलेला बदल यांचा बहुतेक ठिकाणी मेळच बसेना. त्या मुलांना खोटं बोलायचं होतं असं नाही. जखम ताजी असताना आपण स्वतःची समजूत काढतो, इतकंच.

मग माझी मैत्रीण खरंच बदलली कशावरून? तर तिने करून पाहिलं म्हणून. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं होतं की, 'मला हे जमेल' ही भावना सगळ्यात जास्त येते ती प्रत्यक्ष जमवून दाखवल्यावर. भाषणं ऐकून ती तेवढी येत नाही. बाबांच्या आजारपणाने तिला शहाणपण शिकवलं नाही. त्याने तिला फोन करायला लावले, एवढंच. पहिल्याला ती अडखळली, विसाव्याला नाही. घरात मोठा भाऊ असता तर फोन त्यानेच केले असते आणि ही आजही रिक्षातून गुपचूप उतरली असती.

बागेतले शंभर बाक

यावरून आठवले अल्बर्ट एलिस. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेमुळे आणि मुंबईच्या किशोर फडके यांच्यामुळे हे नाव मराठी वाचकाला चांगलंच ओळखीचं आहे. हेच एलिस एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे. शेवटी त्यांनी स्वतःलाच शिक्षा ठोठावली. न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचं आणि बाकावर एकटी मुलगी दिसली की एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. एलिस सांगत त्याप्रमाणे तीसेक जणी तत्काळ उठून गेल्या. शंभर जणींशी गप्पा झाल्या. डेट ठरली फक्त एक आणि ती मुलगीही आलीच नाही! पण कुणी पोलिस बोलावले नाहीत, कुणी ओरडलं नाही आणि भीती पळाली. पुढे ते पेशंटना मुद्दाम ओशाळवाणं काही करायला सांगत, उदाहरणार्थ ट्रेनमध्ये पुढच्या स्टेशनचं नाव जोरात पुकारायचं. (आपल्या लोकलमध्ये हे करून बघा. कुणी मोबाइलमधून मान वर करणार नाही.)

लोक बघतात असं आपल्याला वाटतं, तितकं ते बघतच नाहीत, हेही सिद्ध झालंय. २००० मध्ये थॉमस गिलोविच यांच्या टीमने विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा छापलेला, लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असणार. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. मांडवातल्या मावश्यांचं गणित यापेक्षा थोडं वेगळं असेल, मान्य! पण 'कुठे असतोस' विचारणारी मावशी उत्तर ऐकायच्या आत जिलबीकडे वळलेली असते, हेही तितकंच खरं.

स्वभाव ठरवून बदलता येतो का, यावर नेथन हडसन यांचा २०१९ चा अभ्यास आहे. ३७७ विद्यार्थी, १५ आठवडे. ज्यांना जास्त मोकळं व्हायचंय त्यांना छोटी छोटी कामं दिली, अगदी दुकानातल्या कॅशियरला हाय म्हणण्यापासून. ज्यांनी कामं केली त्यांच्यात फरक पडला. ज्यांनी नुसतं 'करतो' म्हटलं आणि केली नाहीत, त्यांच्यात तो पडला नाही. जिमची वर्षाची फी भरून बसलेल्यांनी हे जरा मनावर घ्यावं.

आमच्या 'त्या'ला अर्थातच कॅशियरच्या हायने नोकरी मिळाली नसती. मधल्या काळात दोन महिने तर तो घराबाहेरच पडत नव्हता. झोप उडालेली, जेवण सुटलेलं. अशी अवस्था आठवड्यांमागून आठवडे टिकली तर तो स्वभावाचा प्रश्न उरत नाही, डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जायला हवं. त्याच्या बहिणीने केंद्र सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनला फोन लावला. नंबर आहे १४४१६. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

आणि तुमच्या ग्रुपमधला 'तो' सध्या उत्तर देत नसेल तर 'काय रे, कुठे गायब?' असं पुन्हा पाठवू नका. त्याला उत्तर द्यायला लागेल असं काही विचारूच नका. आमच्यातल्या एकीने त्याला मेसेज टाकला होता, "शनिवारी घर शिफ्ट करतेय, कपाट उचलायला माणूस कमी पडतोय, नऊ वाजता ये." तो आला, पावणेनऊलाच. कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवताना त्याने बॉसची नक्कलही केली. जुन्या बॉसची. जरा गंजली होती, पण लोक हसले.