मट म्हणतो 'मेल सेंट', पण मेल गेला कुठे?

मंडळी, टर्मिनलमधून मट वापरत असाल तर हे नीट ऐका. पाठवल्यावर खाली 'मेल सेंट' दिसतं ना? त्याचा अर्थ एवढाच, की मटने मेल दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती दिला.

तो प्रोग्राम पोस्टफिक्स असेल, तर मेल रांगेत ठेवून तो मटला लगेच 'झालं' असं सांगतो. पुढचा सर्व्हर लागला नाही, तर गुपचूप पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. डीफॉल्ट मुदत तब्बल 5 दिवस, आणि उशिराची सूचना डीफॉल्टला बंद! तोवर तुमच्या नोकरीच्या अर्जाची तारीख उलटून जाते. मेल परत आलाच, तर कित्येकदा मशीनवरच्या लोकल मेलबॉक्समध्ये पडतो. तो उघडतं कोण?

म्हणून मी महत्त्वाचा मेल पाठवला की 'मेलक्यू' कमांड चालवतो. मेल रांगेत अडकला असेल तर कारणही तिथेच दिसतं. रांग रिकामी असेल तर मेल लॉग बघतो.

रांगच नको असेल, तर एमएसएमटीपी वापरा. तो थेट सर्व्हरशी बोलतो, त्यामुळे नकार मिळाला तर मट तिथल्या तिथे सांगतो. फक्त मटमधलं 'सेंडमेल वेट' उणे ठेवू नका, नाहीतर मट उत्तराची वाटच बघत नाही.