वाणसामानाची यादी आणि प्रकृती

चार माणसांच्या घरात महिन्याला तेल किती लागते, डाळ किती, मीठ किती, याचा हिशेब वाणसामानाच्या यादीत असतो आणि त्या घराच्या प्रकृतीचा बराचसा हिशेबही तिथेच लिहिलेला असतो. आरोग्यासाठी काय खावे ही चर्चा मात्र हटकून एखाद्या महागड्या बीवर, कडू रसावर नाहीतर परदेशी फळावर जाऊन थांबते. असले पदार्थ आठवड्यातून चमचाभर पोटात जातात. धान्य, डाळ, तेल, मीठ आणि भाजी मात्र रोज दोन्ही वेळा जातात. म्हणून या पाच गोष्टींचे प्रमाण आणि त्या शिजवण्याची रीत यांना पहिला मान द्यायला हवा.

प्रमाण किती असावे, हे आपल्याकडे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. १९१८ मध्ये कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाच्या संशोधनाचे छोटे केंद्र सुरू केले, त्यातून ही संस्था वाढली. २०२४ मध्ये तिने भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला सुमारे २,००० किलोकॅलरी पुरणाऱ्या प्रौढ माणसासाठी संस्थेने सुचवलेले माप असे: तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ-सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. मांसाहार करणाऱ्यांनी डाळींच्या वाट्यातला काही भाग अंडी, मासे किंवा मटणाला द्यावा.

हेच आकडे चार प्रौढांच्या महिन्याच्या यादीत मांडले, तर धान्य ३० किलो, डाळी-कडधान्ये १० किलो आणि तेल-तूप सव्वातीन किलो होते. भाजी रोजची दीड किलोच्या वर लागते. आपल्या घरची यादी या आकड्यांशेजारी ठेवून पाहावी. धान्याची ओळ बहुधा जुळते, तेलाची ओलांडलेली असते आणि डाळींच्या ओळीत मोठी तूट दिसते.

ही तूट ताटात लक्षात येत नाही, कारण वाटी भरलेली असते. वरण पातळ केले की मूठभर तुरीची डाळ सहा जणांना पुरते. कोरड्या डाळीत शंभर ग्रॅममागे २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. वाटीभर पातळ वरणात डाळ पंधरा-वीस ग्रॅमच उतरली, तर प्रथिने चार ग्रॅमच्या आसपास मिळतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. बाकीची भरपाई भात-पोळीतून होते, पण तिथे एक अडचण आहे. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ज्वारीत तर फारच कमी. डाळींत ते भरपूर असते, मात्र त्यांत मेथिओनिन कमी पडते आणि ते धान्यातून मिळते. पिठले-भाकरी, वरण-भात, थालीपिठाची भाजणी आणि मटकीची उसळ-पोळी या जोड्या पोषणाच्या कसोटीवर पक्क्या उतरतात. अट एवढीच, की डाळीचा वाटा नावापुरता नसावा. तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे माप धरून चालावे. वरण थोडे घट्ट केले आणि एका वेळच्या बटाट्याच्या भाजीऐवजी उसळ केली, तरी तूट बरीच भरून निघते.

उसळीचा आणखी एक फायदा मोड येण्यात आहे. मटकी सकाळी भिजत घालावी, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधावी. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच दाण्याएवढे मोड येतात, थंडीत एखादा दिवस जास्त लागतो. या वेळात दाण्याच्या आत बरेच काही घडते. धान्य-कडधान्यांत फायटिक आम्ल असते. ते लोह आणि जस्त यांना घट्ट धरून ठेवते, त्यामुळे हे क्षार पोटात जाऊनही रक्तात उतरत नाहीत. दाणा भिजून रुजू लागला की त्यातले फायटेज हे विकर जागे होते आणि या आम्लाचे विघटन करू लागते. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्वही मोडांत तयार होते आणि वात धरवणाऱ्या काही शर्करा कमी होतात. आंबवण्यानेही फायटिक आम्ल कमी होते, म्हणून आंबोळी किंवा इडलीचे पीठ रात्रभर ठेवण्याला चवीपलीकडचाही अर्थ आहे.

लोहाचा विषय महाराष्ट्राला किरकोळ नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात आणि तो झाल्यावर औषधच घ्यावे लागते. तरी ताटातले लोह अंगी लागावे यासाठी करण्यासारख्या दोन गोष्टी अगदी साध्या आहेत. एक म्हणजे जेवताना लिंबू पिळणे किंवा आवळा, पेरू, कच्चा कोबी, टोमॅटोची कोशिंबीर असे काही खाणे. क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतले लोह शरीरात अधिक शोषले जाते. दुसरी म्हणजे जेवणाला लागूनच चहा न घेणे. चहातली टॅनिनवर्गीय द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात. पोह्यांवर लिंबू पिळायचे आणि त्याच बशीशेजारी चहाचा कप ठेवायचा, ही घरोघरची सकाळ या हिशेबात एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेते. चहा तासाभराने घेतला तरी पुष्कळ झाले. लोखंडी तवा-कढईतूनही अन्नात थोडे लोह उतरते, आंबट पदार्थात जास्त. असा पदार्थ शिजल्यावर कढईत ठेवून देऊ नये, काळा पडतो.

धान्यांकडे वळायचे, तर संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले आणि ज्वारी-बाजरी-नाचणीला पुन्हा प्रतिष्ठा आली. तीत थोडा गाजावाजाही होता. नाचणीचे श्रेष्ठत्व खरे आहे: शंभर ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, म्हणजे गव्हाच्या कितीतरी पट. बाजरीत लोह चांगले असते, पण फायटिक आम्लही असते. ज्वारीत ग्लुटेन नसते आणि तिची भाकरी तेलाशिवाय होते. मात्र भाकरी खाल्ली म्हणजे साखर वाढतच नाही, हा मधुमेहींमधला समज चुकीचा आहे. ज्वारीतही मुख्यतः पिष्टच असते. एका भाकरीच्या जागी तीन खाल्ल्या तर धान्य बदलल्याचा उपयोग होत नाही.

धान्य कोणते यापेक्षा ते किती सोलले, पॉलिश केले आणि चाळले, हा प्रश्न जुना आणि महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर क्रिस्टियान आइकमान या डच डॉक्टरला दिसले, की पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंडा दिला की तो बरा होतो. त्यातून पुढे ब१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा शोध लागला आणि आइकमान यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोकणात आणि गोव्यात खाल्ला जाणारा उकडा तांदूळ याच कारणाने सरस ठरतो. भात सडण्याआधी उकडल्यामुळे सालीलगतचे थायमिन दाण्याच्या आत शिरते आणि नंतर सडल्यावरही बरेचसे टिकते. पांढऱ्या तांदळाच्या बाबतीत तो चोळून पाच-सहा पाण्यांनी धुणे आणि वरचे पाणी काढून टाकणे, या दोन सवयी सोडल्या तरी फरक पडतो. गव्हाच्या पिठाची गोष्ट तशीच आहे. मऊसूत पोळीसाठी बारीक चाळणीने चाळून फेकलेल्या कोंड्यात तंतू आणि ब वर्गातली जीवनसत्त्वे निघून जातात. चाळायचेच असेल तर सपीटाची चाळणी बाजूला ठेवून जाड चाळणी वापरावी.

भाजीच्या बाबतीत नुकसान विळी-सुरीपाशी सुरू होते. पालेभाजी चिरून मग धुतली की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे मोरीत जातात. आधी निवडून धुवावी, मग चिरावी आणि चिरल्यावर लवकर फोडणीला टाकावी. बेताचे पाणी आणि वर झाकण हा शिजवण्याचा चांगला मार्ग आहे. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर भाजी शिजवण्याची घरगुती पद्धत त्यासाठी उत्तम. हिरवा रंग टिकावा किंवा हरभरा लवकर शिजावा म्हणून चिमूटभर सोडा टाकतात, तो टाळावा. सोड्याने थायमिन आणि क जीवनसत्त्व दोन्ही नष्ट होतात, आणि रात्रभर भिजवलेला हरभरा कुकरमध्ये सोड्याशिवायही शिजतो.

फोडणी मात्र बंद करू नये. पालेभाज्या, गाजर आणि लाल भोपळ्यातले कॅरोटिन स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषले जाते. नुसती उकडलेली, तेलाचा थेंब नसलेली भाजी पथ्याची वाटते खरी, पण तिच्यातले कॅरोटिन अंगी फारसे लागत नाही. प्रश्न तेल किती, हा आहे. २७ ग्रॅम म्हणजे चहाचे सहा लहान चमचे, आणि त्यात पोळीवरचे तूपही आले. किटलीतून धार धरून ओतलेल्या फोडणीत याचा अंदाज येत नाही. महिन्याचे तेल आठवड्याच्या वाट्याने वेगळ्या बरणीत काढले आणि फोडणी चमच्याने मोजून घातली, तर खप आपोआप उतरतो. दाण्याचे कूट भाजीत घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेलच असते. कूट पौष्टिक आहे, फक्त ते घातल्यावर फोडणीचे तेल कमी व्हायला हवे.

तळणीच्या तेलाला नियमही आहे. तेल पुन्हापुन्हा तापवल्यावर त्यात ध्रुवीय संयुगे साठत जातात. ती २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल वापरण्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ पासून मनाई केली आहे. घरी ते मोजता येत नाही, पण काळपट, दाटसर, फेसाळणारे आणि लवकर धुरावणारे तेल टाकून द्यावे. उरलेले तळण गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे, पुन्हा तळायला घेऊ नये.

मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे. चार माणसांना महिन्याला ६०० ग्रॅम. यादीत एक किलोची पिशवी असते आणि त्याशिवाय लोणचे, पापड, सांडगी मिरची, फरसाण, खारी, सुकट-बोंबील यांतले मीठ वेगळेच. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो आणि त्यातही सोडियम असते. भाजी-आमटीतले मीठ एकदम कमी केले की घर कुरकुरते. दर पंधरा दिवसांनी थोडे कमी करत गेले की जिभेला सवय होते. लिंबू, आमसूल, चिंच आणि ताजी कोथिंबीर इथे मदतीला येतात. सैंधव मीठ हा पर्याय नाही, तेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते आणि अनेकदा त्यात आयोडीन मिसळलेले नसते. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. साखर आणि गुळाचेही तसेच. गुळात किंचित क्षार असतात, पण ऊर्जा आणि रक्तातल्या साखरेवरचा परिणाम यांत दोघांत फारसा फरक नाही. चहात गूळ घातला म्हणून दुसरा कप माफ होत नाही.

उपासाच्या दिवशी हे सारे शहाणपण बाजूला पडते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याच्या खिचडीत सत्त्व असते ते दाण्याच्या कुटाचे आणि बटाटा-तूप घालून जड झालेली ही खिचडी रोजच्या जेवणापेक्षा हलकी मुळीच नसते. ताक, फळे, राजगिऱ्याची भाकरी आणि वरईचा भात हे त्याहून बरे. मात्र वरई म्हणजे भगर दमट हवेत लवकर बुरशी धरते आणि श्रावण-नवरात्रात भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या राज्यात वारंवार येतात. सुटे तयार पीठ घेऊ नये. पाकीटबंद भगर तारीख पाहून आणावी, निवडून धुवावी आणि लागेल तेवढीच दळावी.

उरलेल्या भाताची काळजीही अशीच घ्यावी लागते. तांदळातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. सकाळी फोडणीचा भात करायचा असेल, तर रात्रीचा भात शिजल्यापासून दोन तासांच्या आत पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवावा. ओट्यावर रात्रभर राहिलेला भात उन्हाळ्या-पावसाळ्यात टाकून दिलेलाच बरा.