शिक्षक, कवी आणि चित्रकार

उपजीविकेसाठी अध्यापन आणि आत्म्यासाठी कविता, अशी विभागणी आपण सहज करून टाकतो. दिलीप चित्रे यांच्या बाबतीत ती लागू पडत नाही. १७ सप्टेंबर १९३८ रोजी बडोद्यात जन्मलेल्या चित्र्यांनी १९५४ मध्ये मुंबईत अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांच्यासह ‘शब्द’ हे अनियतकालिक सुरू केले. १९६० मध्ये त्यांचा ‘कविता’ हा पहिला संग्रह आला आणि त्याच वर्षी ते इथिओपियाला गेले. तेथे सुमारे तीन वर्षे त्यांनी शाळेत इंग्रजी शिकविले.

परभाषा शिकविणाऱ्याला प्रत्येक शब्द उलगडून दाखवावा लागतो. अनुवादकालाही हेच करावे लागते. चित्र्यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. ‘सेज तुका’ हा तो अनुवाद १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९४ साली साहित्य अकादमीने ‘एकूण कविता-१’ या मराठी संग्रहाला पुरस्कार दिला आणि ‘सेज तुका’ला अनुवादाचा पुरस्कार दिला.

कवितेबरोबरच ते चित्रेही काढीत. ‘गोदाम’ हा चित्रपटही त्यांनी दिग्दर्शित केला. १० डिसेंबर २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

शाळेच्या वेळापत्रकात भाषा आणि चित्रकला यांचे तास वेगवेगळे असतात. परंतु एकाच माणसात ते एकत्र नांदू शकतात, हे ध्यानी घेतले, तर वहीच्या समासात चित्रे काढणाऱ्या विद्यार्थ्याकडे आपण निराळ्या नजरेने पाहू.