आसापासूनचे अंतर

वस्तू सरळ ढकलायची असेल तर जोर किती लावला एवढे पाहिले की पुरते. ती फिरवायची असेल तर तो जोर आसापासून किती दूर लावला, यालाही तेवढेच महत्त्व येते. जोर आणि हे अंतर यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. शाळेच्या पुस्तकात त्याला बल-आघूर्ण म्हणतात. जोर न्यूटनमध्ये आणि अंतर मीटरमध्ये मोजतात, म्हणून टॉर्कचे एकक न्यूटन-मीटर. अंतर मात्र जोराच्या रेषेशी काटकोनात मोजायचे असते. दाराला बिजागरीच्या दिशेने कितीही रेटले तरी ते हलत नाही. जोराची रेषा आसातूनच जाते, अंतर शून्य होते आणि गुणाकारही शून्य.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिहोरा आहे. बावनथडी आणि वैनगंगा या नद्यांच्या मधला हा धानाचा पट्टा. नदीवरचे आणि बोअरवेलचे पंप, चिखलात उतरणारे ट्रॅक्टर, मळणी यंत्रे, राइस मिल अशी इथली बहुतेक यंत्रे काही ना काही फिरवण्याचेच काम करतात. त्यामुळे टॉर्क समजून घ्यायला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही.

सुरुवात साध्या पान्यापासून करता येते. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला मिस्त्रीने २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलो वजनाइतका जोर लावला, तर नटावर ४० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. नट हलला नाही की मिस्त्री पान्यात लोखंडी पाइप अडकवतो. लांबी ६० सेंटिमीटर झाली की तेवढ्याच जोरात टॉर्क १२० होतो. गंजलेला नट सुटतो तो यामुळे, आणि बोल्टचे डोके तुटते तेही यामुळेच. जात्याचा खुंटा मधोमध नसून काठाजवळ असतो, त्याचे कारणही हेच.

आता तुलनेला ५ अश्वशक्तीची मोटर घ्यावी. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या अशा मोटरचा टॉर्क भरतो जेमतेम २५ न्यूटन-मीटर. म्हणजे बिनपाइपच्या पान्यावर झुकलेला माणूस मोटरपेक्षा जास्त टॉर्क देतो! पण माणूस पाना अर्धा फेरा फिरवून थांबतो, मोटर आपला टॉर्क सेकंदाला २४ फेरे या वेगाने तासन् तास देत राहते. शक्ती म्हणजे टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. तेवढ्याच शक्तीत वेग सोडून टॉर्क घेता येतो किंवा टॉर्क सोडून वेग, दोन्ही एकदम वाढवता येत नाहीत. गिअर, पट्टा, पुली यांचा सारा व्यवहार या एका अटीवर चालतो. मोटरवर लहान पुली आणि यंत्रावर मोठी पुली बसवली की यंत्र हळू फिरते, पण तेवढ्याच पटीने जोरकस फिरते. याच जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात जड वाहनांचे गिअरबॉक्स बनतात. भरलेला ट्रक घाटात पहिल्या गिअरमध्ये रडतखडत चढतो, तेव्हा त्याने वेग देऊन टॉर्क विकत घेतलेला असतो.

सिहोरा भागात टॉर्कचे मोठे काम पाण्याच्या उपशाचे आहे. बावनथडीचे पाणी उचलून चांदपूरच्या जलाशयात टाकणारी सोंड्याटोला उपसा सिंचन योजना इथलीच. सेंट्रिफ्युगल पंपात पाणी फिरत्या चक्राच्या मध्याशी शिरते आणि पात्यांबरोबर फिरत फिरत कडेला फेकले जाते. कडेला पोचेपर्यंत त्याला मोठी फिरकी मिळालेली असते. पंपाची घडण अशी असते की ही फिरकी दाबात बदलते आणि त्या दाबाने पाणी पाइपातून वर चढते. दर सेकंदाला पाण्याला जेवढी फिरकी द्यायची, तेवढा टॉर्क मोटरने पुरवायचा, हा हिशेब लेओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडला आणि पंपांचे व टर्बाइनचे आराखडे आजही त्यावरच बेततात. मोठा पंप सुरू करताना पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवतात तोही याचसाठी. पाणी वाहत नसले की फिरकी थोड्याच पाण्याला द्यावी लागते, मोटर हलक्या ओझ्यावर वेग धरते, आणि मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडतात.

पंपाची मोटर जळण्यामागेही पुष्कळदा टॉर्कचे गणित असते. शेतीपंपावर जी इंडक्शन मोटर असते तिचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले की टॉर्क ८० टक्के राहत नाही, ६४ टक्के होतो. व्होल्टेज निम्मे झाले तर टॉर्क चौथाईवर. अशा वेळी मोटर नुसती घुमते, फिरत नाही, आणि न फिरणारी मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढून वाइंडिंग जाळून घेते. सिंगल फेजच्या मोटरची तर आणखी एक अडचण आहे. एकट्या वाइंडिंगवर तिला सुरुवातीचा टॉर्कच नसतो, त्यासाठी कंडेन्सर लागतो. कंडेन्सर गेलेला छताचा पंखा जागेवर गुणगुणत राहतो आणि काठीने ढोसला की ज्या बाजूला ढोसावा त्या बाजूला फिरू लागतो. सबमर्सिबल पंपात उलट टॉर्कचा अनुभव येतो. मोटर चक्राला एका दिशेने फिरवते, तेव्हा तेवढाच टॉर्क मोटरच्या अंगावर विरुद्ध दिशेने येतो. म्हणून बटण दाबताच बोअरमधला पाइप झटका खाऊन पिळला जातो आणि आटे ढिले असतील तर पंप तळाशी जातो.

ट्रॅक्टरमध्ये हाच उलट टॉर्क जिवावर बेततो. ४५ अश्वशक्तीच्या इंजिनाचा टॉर्क मिनिटाला २००० फेऱ्यांवर सुमारे १६० न्यूटन-मीटर असतो. सर्वांत खालच्या गिअरमध्ये मागची चाके मिनिटाला २० फेरे घेत असतील, तर त्यांच्या आसावर तो शंभरपट, म्हणजे १६ हजारांच्या घरात जातो. घर्षणातला तोटा वजा केला तरी १३-१४ हजार उरतो. एरवी चाके फिरतात आणि ट्रॅक्टर पुढे सरकतो. पण धानाच्या बांधीतल्या चिखलात मागची चाके घट्ट रुतली, तर इंजिन चाकांना फिरवू शकत नाही. मग तोच टॉर्क चाकांऐवजी ट्रॅक्टरच्या धडाला आसाभोवती मागे फिरवू लागतो. त्याला अडवते ते फक्त पुढच्या भागाचे वजन. दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर सातशे-साडेसातशे किलो भार आणि पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर दोन मीटर धरले, तर हा अडवणारा टॉर्क जवळपास १४ हजार होतो. दोन्ही आकडे काठावर आहेत, आणि झटक्याने क्लच सोडला की फ्लायव्हीलमध्ये साठलेली फिरकी वरून भर घालते. पुढची चाके उचलली जातात आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर चालकावर उलटतो. रुतलेल्या मागच्या चाकांना आडवे लाकूड बांधून ट्रॅक्टर काढण्याची युक्ती म्हणूनच घातक आहे. चाके पूर्ण अडली की ट्रॅक्टर उलटण्याचा धोका फार वाढतो. रिव्हर्स गिअरमध्ये मागे घेणे किंवा चाकाखालचा चिखल काढणे हाच शहाणपणा. ओढायचे ओझेही वर, आसाच्या उंचीवर बांधू नये, खालच्या हुकालाच बांधावे.

मळणी यंत्रासारखी अवजारे फिरवणाऱ्या, ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओ शाफ्टवर इंजिनाची हीच शक्ती मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या वेगाने बाहेर येते. म्हणजे सेकंदाला नऊ फेरे, आणि टॉर्क पाचशे न्यूटन-मीटरच्या आसपास. मळणीच्या वेळी लुगड्याचा पदर किंवा गमछा त्यात गुंतला तर तो सोडवायला माणसाच्या हाताचे बळ पुरत नाही, वेळ तर मुळीच मिळत नाही. त्या शाफ्टवरचे प्लास्टिकचे झाकण काढून ठेवणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

राइस मिलमध्ये टॉर्क नाजूक काम करतो. धान रबराच्या दोन रोलरमधून जाते. दोन्ही रोलर एकमेकांकडे फिरतात, पण एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा सुमारे पावपट जास्त असतो. दाण्याची एक बाजू वेगाने पुढे ओढली जाते, दुसरी मागे रेंगाळते आणि टरफल सुटून येते. रोलर सारख्याच वेगाने फिरले तर दाणा नुसता दाबला जाईल, सोलला जाणार नाही. वेगाने फिरणारा रोलर आधी झिजतो, त्याचा घेर कमी होऊन वेगातला फरक मिटत जातो. म्हणून मिलवाले अधूनमधून दोन्ही रोलरची अदलाबदल करतात.

टॉर्क वाढवण्यापेक्षा तो टाळण्यात कधीकधी जास्त हुशारी असते. पवनीजवळ वैनगंगेवर गोसेखुर्द धरण आहे. पावसाळ्यात त्याचे ३३ दरवाजे उघडल्याची बातमी दरवर्षी येते. हे दरवाजे वर्तुळाच्या कमानीसारखे वाकवलेले असतात आणि त्या वर्तुळाच्या मध्याशी त्यांची खीळ असते. पाण्याचा दाब दरवाजाच्या पत्र्यावर नेहमी काटकोनात पडतो, त्यामुळे दाबाची प्रत्येक रेषा त्या खिळीकडेच जाते. प्रचंड दाब, पण खिळीभोवती त्याचा टॉर्क जवळपास शून्य. दरवाजा उचलणाऱ्या यंत्राला पाण्याशी झुंजावे लागत नाही, दरवाजाचे वजन आणि घर्षण एवढेच पेलावे लागते. बैलबंडीतही हेच तत्त्व आहे. घर्षण बारीक आसावर होते आणि बैलाची ओढ मोठ्या चाकाच्या काठावर काम करते. आस अडीच सेंटिमीटर त्रिज्येचा आणि चाक साठ सेंटिमीटरचे असेल, तर आसावरच्या घर्षणापोटी बैलांना त्याच्या चोविसाव्या भागाइतकाच जोर लागतो.

टॉर्क फुकट मिळवण्याचे स्वप्नही जुने आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त पोकळ, वाकड्या आऱ्यांत पारा भरलेल्या आणि आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन आहे. एका बाजूचा पारा आसापासून दूर जातो, म्हणून ती बाजू जड पडून चाक फिरत राहील अशी कल्पना. पण दूर गेलेल्या आऱ्या संख्येने कमी असतात आणि जवळच्या जास्त. पूर्ण फेऱ्याचा हिशेब केला की दोन्ही बाजूंचे टॉर्क एकमेकांना खातात.

निसर्गातल्या टॉर्कचे ठळक उदाहरण धानाच्या बांधीतच सापडते. लोंबी भरली की धानाच्या काडीचे डोके जड होते. वाऱ्याचा जोर वर, लोंबीच्या उंचीवर लागतो आणि काडी मोडते ती बुडाशी. काडी जेवढी उंच तेवढा बुडावरचा टॉर्क मोठा. ती थोडी कलली की लोंबीचे वजनही बुडापासून बाजूला सरकून टॉर्कमध्ये भर घालते, पावसाने भिजलेली लोंबी त्याहून अधिक. जुन्या वाणांना युरिया दिला की ते आणखी उंच वाढत आणि कापणीआधीच आडवे पडत. १९६६ मध्ये फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आणलेला आयआर-८ आणि भारतात १९६८ मध्ये आलेला जया हे वाण बुटके होते. त्यांची काडी आखूड आणि ताठ असल्यामुळे खत पचवूनही पीक उभे राहिले. हरितक्रांतीचे श्रेय खत आणि पाण्याला दिले जाते. भातापुरते तरी त्यातला मोठा वाटा उंची कमी करून टॉर्क घटवण्याचा आहे.

त्याच बांधीत रोवणी करणाऱ्या बाईच्या कमरेवरचा टॉर्क मात्र कोणी घटवलेला नाही. ५० किलो वजनाच्या बाईच्या डोके, हात आणि धड यांचे वजन ३० किलोच्या आसपास भरते. ती ओणवी झाली की हे वजन कमरेच्या मणक्यापासून साधारण ३० सेंटिमीटर पुढे येते. म्हणजे सुमारे ९० न्यूटन-मीटर टॉर्क तिला पुढे पाडू पाहतो. तिला सावरणारे पाठीचे स्नायू मणक्यापासून फक्त पाच सेंटिमीटरवर असतात. एवढ्या थोड्या अंतरात तेवढाच टॉर्क उभा करायला त्यांना १८०० न्यूटन, म्हणजे १८० किलो वजनाएवढा ताण घ्यावा लागतो, आणि तो सगळा मणक्यावर दाबून बसतो. हातात रोपांच्या जुडीशिवाय काही नसतानाही! रोवणीच्या हंगामात कमरा धरतात त्या चिखलाने किंवा गारठ्याने नव्हे, या हिशेबाने.

शरीराच्या आतही फिरती यंत्रे आहेत. पेशींत एटीपी नावाचे ऊर्जेचे रेणू बनवणारे एक प्रथिन असते. त्याचा मधला दांडा खरोखर गरगर फिरतो आणि त्या टॉर्कवर रेणू जुळतात. या कामासाठी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

या सगळ्यांहून मोठा टॉर्क खुद्द पृथ्वीवर येतो. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, पण पृथ्वीच्या फिरण्याने तो फुगवटा थोडा पुढे ओढला जातो. चंद्र त्याला मागे खेचतो, त्यामुळे पृथ्वीचा वेग मंदावत जाऊन दिवस शतकाला सुमारे दोन मिलिसेकंदांनी लांबतो. पृथ्वीने गमावलेली फिरकी चंद्राला मिळते आणि तो वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. शिवाय पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. तो व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा ४३ किलोमीटर जास्त आहे. या फुगवट्यावर सूर्य-चंद्राचा टॉर्क येतो आणि पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या आसासारखा हळूहळू घुमतो. एका फेऱ्याला सुमारे २६ हजार वर्षे लागतात. आपली संक्रांत ताऱ्यांवरून ठरते आणि इंग्रजी दिनदर्शिका ऋतूंवरून, त्यामुळे आसाच्या या घुमण्याने मकरसंक्रांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, म्हणून ती संक्रांतीच्या दिवशी झाली असे अनेकदा सांगितले जाते. त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.