लंगोट, बादली, पिंप आणि पॅलेट

पर्यावरणस्नेही बालसंगोपन म्हटलं की बाजार लगेच पुढे येतो. बांबूचा ब्रश, लाकडी खेळणी, सेंद्रिय कापसाची झबली, सगळं महाग. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्या घराला यातलं काहीच विकत घ्यायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याऐवजी घरातल्या प्रत्येक वस्तूबद्दल दोन प्रश्न विचारायची सवय मुलाला लावावी: हे आलं कुठून आणि इथून जाणार कुठं? या शहरात दोन्हींची उत्तरं जवळच सापडतात. पाणी मुख्यतः पवनेतून येतं, कचरा मोशीच्या डेपोत जातो, आणि घरचा पगार ज्या कंपनीतून येतो तिथल्याही काही गोष्टी नकळत घरात शिरतात.

सुरुवात तान्ह्या बाळापासून करू. दिवसाला पाच डायपर धरले, तरी वर्षाचे अठराशेच्या वर होतात. डायपरमध्ये बाहेरून प्लॅस्टिकचा थर असतो, आत लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात पाणी शोषून फुगणारी बारीक पावडर. ही पावडर म्हणजे एक कृत्रिम पॉलिमर. ती आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओल धरून ठेवते, म्हणून बाळाला कोरडं वाटतं. पण हे सगळे थर एकमेकांना चिकटलेले आणि घाण झालेले असतात. भंगारवाला ते घेत नाही आणि खतातही ते कुजत नाहीत.

लातूर, बीड किंवा सोलापूरहून बाळंतपणासाठी आलेल्या आजीला दुसरी वाट ठाऊक असते. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे दोन डझन लंगोट आणि पाच-सहा दुपटी असली की घर निभतं. मात्र धुण्याची रीत सांभाळावी लागते. शी आधी संडासात टाकायची. मग लंगोट गार पाण्यात खळबळायचा, कारण गरम पाण्यात डाग पक्का बसतो. त्यानंतर साबण लावून धुवायचा, साबण पूर्ण निघेपर्यंत पिळायचा आणि उन्हात टाकायचा. कपडे मऊ करणारी द्रावणं लंगोटाला वापरू नयेत. त्यांचा पातळ थर कापडावर बसतो आणि कापडाची ओल शोषायची ताकद कमी होते. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं, तेव्हा पंख्याखाली वाळवून वरून इस्त्री फिरवावी.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लंगोट धुवायला पाणी लागतं, आणि या शहरात ते एक दिवसाआड येतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये कापडी आणि फेकाऊ डायपरची तुलना केली, तेव्हा निष्कर्ष असा निघाला की कापडाचा फायदा ते कसं धुतलं जातं यावर ठरतो. यंत्र भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच कापड दुसऱ्या मुलालाही वापरलं, तर ते सरस ठरतं. भरमसाट गरम पाणी आणि ड्रायर वापरला, तर नाही. आपल्याकडे दोरी आहे, ऊन आहे आणि धाकट्याला थोरल्याचं वापरायची पद्धतही आहे, म्हणून पारडं लंगोटाकडे झुकतं. तरीही पाळणाघरात डायपर लागणारच, रात्रीचा आणि प्रवासातलाही लागणार. दिवसा घरी लंगोट आणि बाकी वेळी डायपर, एवढं केलं तरी डायपरची संख्या निम्म्यावर येते. एकट्या आईने अपराधी वाटून घेण्याचं यात काही नाही. लंगोट बापालाही धुता येतात.

वापरलेला डायपर घट्ट गुंडाळून वर्तमानपत्रात बांधावा, वर लाल ठिपका काढावा आणि घंटागाडीत वेगळा द्यावा. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कामगारांच्या संघटनेने आणि ‘स्वच्छ’ संस्थेने पुणे परिसरात ही लाल ठिपक्याची खूण रुजवली. त्यामागचं कारण साधं आहे. कचरा हाताने निवडणाऱ्या बाईला पुडी न उघडताच कळावं की आत काय आहे.

दुसरी वस्तू म्हणजे बादली. घरातला रोजचा कचरा तोलून पाहिला तर निम्म्याहून जास्त ओला निघतो: भाज्यांचे देठ, साली, चहाचा चोथा. हा ओला कचरा सुक्यात मिसळला की काय होतं, हे मोशीला समजतं. तिथल्या कचरा डेपोच्या जागेत कचऱ्यापासून वीज तयार करणारा १४ मेगावॉटचा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाला. तो रोज सुमारे ७०० टन कचरा घेऊ शकतो. कचरा जाळायचा, उष्णतेने पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर टर्बाइन फिरवायचं, असं ते काम. पण कलिंगडाची साल भट्टीत गेली की तिच्यातलं पाणी उडवण्यातच उष्णता खर्च होते. आणि तीच साल ढिगाखाली गाडली गेली, तर हवा न मिळाल्याने तिच्यापासून मिथेन तयार होतो. हा वायू पेट घेतो. उन्हाळ्यात डेपोला आगी लागतात, तेव्हा विझवणं अवघड जातं त्यामागे हेही एक कारण असतं. शिवाय ढिगातून काळं, आंबट पाणी झिरपतं ते वेगळंच.

तीच साल बादलीत गेली तर काय होतं, ते मुलाला रोज डोळ्यांनी पाहता येतं. वीस लिटरची झाकणाची बादली घ्या. तळाला आणि बाजूंना तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडा आणि खाली ताटली ठेवा. तळाशी बोटभर जाडीचा वाळक्या पानांचा थर द्या. ओला कचरा बारीक चिरून टाकायचा आणि त्यावर तेवढीच, किंबहुना जरा जास्तच, वाळकी पानं पसरायची. निगडी प्राधिकरणाच्या रस्त्यांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये पानांचे ढीग पडलेले असतात. लोक ते पेटवतात. त्यातलं एक पोतं भरून आणलं की घराला बरेच महिने पुरतं. पानांत कार्बन असतो आणि साली-देठांत नत्र. जिवाणूंना दोन्ही लागतात, आणि श्वासाला हवा लागते. ही हवा पानांमधल्या पोकळीतून मिळते. पहिल्या तीन-चार दिवसांत बादलीवर हात ठेवला की ऊब लागते. आत जिवाणूंचं काम सुरू झाल्याची ती खूण.

ओल बरोबर आहे का, हे पाहण्याचं काम मुलाकडे द्यावं. मूठभर माल घेऊन दाबायचा. बोटांच्या फटीतून एखादा थेंब आला तर ठीक. धार लागली तर पानं वाढवायची, भुगा सुटा पडला तर पाणी शिंपडायचं. नासक्या अंड्यासारखा वास आला, तर हवा कमी पडते आहे, काठीने ढवळायचं. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नये, ती मदतच करते. कधी तपकिरी, जाडसर अळ्या वळवळताना दिसतात. या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर बसत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने फस्त करतात. मोठ्यांना किळस येते, पण सहा वर्षांचं पोर त्यांच्याकडे तासभर बघत बसतं. शिजलेलं तेलकट अन्न, हाडं आणि भरपूर लिंबाच्या साली टाळाव्यात. दीड-दोन महिन्यांत बादली बरीचशी खाली बसते आणि हाताला मातीचा वास येतो. गच्चीतल्या कुंडीत हे खत घालून मेथी पेरली, तर चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब दिसतात.

एका खोलीच्या घरात बादलीला जागा नसते. अशा वेळी चाळीत चार घरांनी मिळून एक पिंप ठेवावं. दिवसाला शंभर किलोच्या वर कचरा करणाऱ्या सोसायट्यांवर तर घनकचरा नियमांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकलेली आहे. मुलांनी आपल्या सोसायटीतलं खताचं यंत्र खरंच चालू आहे का, हे जाऊन पाहावं आणि नसेल तर कमिटीला विचारावं.

आता पाणी. पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच मावळातली गावं ओलांडत रावेतच्या बंधाऱ्यापाशी येतं. तिथं ते उचलून निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करतात. हेच पाणी धरणातून बंद जलवाहिनीने आणायच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथं मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे सांगायलाच हवं. नळ उघडा टाकू नकोस, असं शंभरदा बजावण्यापेक्षा या पाण्यावर दुसऱ्यांचाही हक्क आहे हे कळणं जास्त खोल जातं.

नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी येतं. त्यातून एक वाईट सवय लागली आहे. नळाला पाणी आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून ओतून द्यायचं. पाणी एका दिवसात शिळं होत नाही. शुद्धीकरणात घातलेलं क्लोरीन साठवणीत हळूहळू उडतं, हे खरं. पण भांडं स्वच्छ असेल, झाकण असेल आणि हात न बुडवता ओगराळ्याने किंवा तोटीने पाणी घेतलं, तर दोन दिवस काही बिघडत नाही. शंका असेल तर उकळावं. तरीही नको वाटलं तर ते फरशीला, कुंड्यांना, संडासाला वापरावं.

मात्र पाणी साठवायचं पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून घासायलाच हवं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या पातळीच्या जरा वर, पिंपाच्या कडेला अंडी घालतो. ती कोरडी राहूनही महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कड काथ्याने खरवडावी लागते. टॉर्च घेऊन पिंपात वळवळणाऱ्या अळ्या शोधायचं काम मुलं आनंदाने करतात.

आणि पिंप कुठलं आहे? या पट्ट्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. भंगारच्या दुकानांत दोनशे लिटरची निळी पिंपं स्वस्तात मिळतात. त्यांत आधी ऑइल, सॉल्व्हंट, अॅसिड काहीही असू शकतं. रसायन प्लॅस्टिकच्या भिंतीत मुरतं, चार वेळा साबणाने धुतलं तरी पूर्ण निघत नाही. जुनी वस्तू पुन्हा वापरणं चांगलं असतं, पण तिच्यात आधी काय होतं हे माहीत असेल तरच. प्यायच्या, आंघोळीच्या किंवा बाळाचे कपडे धुवायच्या पाण्यासाठी अशी पिंपं मुळीच घेऊ नयेत.

हाच नियम पॅलेटला लागू आहे. कंपन्यांतून बाहेर पडणारी, माल ठेवायची लाकडी पॅलेट चाकण परिसरात स्वस्त मिळतात. कुणी त्यांची मुलांसाठी कपाटं करतं, कुणी बंबात जाळतं. निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ अक्षरं असली तर लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेलं असतं. ‘एमबी’ असली तर मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू वापरलेला असतो. एमबीचं, रंगवलेलं किंवा तेल सांडलेलं लाकूड घरात आणू नये, जाळू तर मुळीच नये. शिक्काच नसेल तर इतिहास कळायला मार्ग नाही.

कंपनीचा युनिफॉर्म हीसुद्धा अशीच गोष्ट. त्यावर कूलंट, ग्रीस, ग्राइंडिंगची धूळ, रंगाचे कण असतात. शिसं हाताळणाऱ्या कामगारांच्या कपड्यांवरून ते त्यांच्या मुलांपर्यंत पोचतं, हे जगभर नोंदलं गेलेलं आहे, आणि शिसं थोडं असलं तरी मुलांच्या मेंदूला घातक. सेकंड शिफ्ट करून आलेल्या बापाने बूट दाराबाहेर काढावेत, कपडे बदलावेत, हात-तोंड धुवावं आणि मगच बाळाला उचलावं. युनिफॉर्म वेगळा भिजवावा, लंगोटांबरोबर कधीच नाही. कंपनीत कपडे धुवायची सोय असेल तर ती आग्रहाने वापरावी.

खेळण्यांतले संपलेले सेल एका डबीत साठवून घातक कचरा म्हणून द्यावेत. कपडे भावंडांत फिरवावेत, उरलेल्यांची गोधडी करावी. यात नवं काहीच नाही.

शेवटी मोरीतलं पाणी. मुलाला एकदा मेट्रोने दापोडीहून बोपोडीला न्यावं. या दोन स्थानकांच्या मध्ये गाडी मुळा ओलांडते. पवना तिला दापोडीपाशी येऊन मिळालेली असते. पुढे मुळा-मुठा, मग भीमा, मग उजनी. चाकणकडची भामा आणि आळंदीची इंद्रायणी याही भीमेलाच मिळतात. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. म्हणजे थेरगावच्या मोरीत सोडलेला साबण सोलापूरच्या आजीच्या हंड्याच्या वाटेला लागतो. इंद्रायणीवर फेस दिसतो त्यात कारखान्यांचं सांडपाणी असतं आणि प्रक्रिया न झालेलं घरगुती मैलापाणीही. चमचाभर साबण कमी वापरून ती नदी शुद्ध होणार नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावं. त्यासाठी मैलाशुद्धीकरण केंद्रं पूर्ण क्षमतेने चालावी लागतात आणि कारखान्यांवर नजर ठेवावी लागते. आपल्या भागाचं मैलापाणी कोणत्या केंद्रात जातं, हे महापालिकेला पत्र लिहून विचारता येतं. सातवी-आठवीतल्या मुलाने असं पत्र स्वतःच्या अक्षरात लिहावं, घरच्यांनी खाली सही करावी आणि क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घ्यावी.